सुदाममामांच्या नावाची माशी

मी एक माशी बोलतेय. लगेच तोंड वाकडं करू नका, मिठाईवर घोंघावणारी ती मी नव्हे! मी सैनिक माशी, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली. एका कुजक्या खोडात माझं बालपण गेलं. काय ओल होती तिथे! आता कतारात, उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका घरी, काचेच्या पेटीत टाचणीवर उभी आहे. बाहेर वाळू, आत एसी. त्या ओल्या लाकडाच्या वासासाठी अजून जीव कासावीस होतो.

मला पकडलं मालविकानं. तेव्हा ती माश्यांवर संशोधन करायची. पुढे नवऱ्याला इथे गॅस कंपनीत नोकरी लागली, तेव्हा सामानातून मीही आले.

पकडलं तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या माश्या काळ्याकुट्ट आणि मी पोटावर पिवळीधमक. मालविका हरखली. तिला वाटलं, ही प्रजातीच नवी! तिनं मला नाव दिलं ते सुदाममामांचं. पुण्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या, सगळ्या मुलांच्या या मामांनीच तिला माशी टाचणीवर लावायला शिकवलं होतं. नाव छापून आलं तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले म्हणे.

गेल्या आठवड्यात तिच्या जुन्या सहकाऱ्याकडून फोटो आले. त्यानं एकाच मादीच्या अंड्यांतून माश्या वाढवल्या होत्या. निघाल्या काही काळ्या, काही पिवळ्या, काही अधल्यामधल्या. म्हणजे प्रजाती एकच, आणि काळ्यांना पूर्वीच दिलेलं नाव तेवढं खरं.

मालविकाला अन्न गोड लागेना. "आई, इट्स जस्ट अ फ्लाय," लेक ईरा म्हणाली. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी मालविकानं पुण्याला फोन लावला. "मामा, माझी चूक झाली. तुमचं नाव रद्द होणार. तसा लेख मीच लिहितेय."

पलीकडे म्हातारा खाकरला.

"रंगावर भुललात होय, ताई?"

"हो, मामा."

"मग छापा. खरं तेच छापा. रडताय कशाला? नावाची नवी चिठ्ठी लिहिलीत?"

"लिहिली."

"जुनी काढू नका हं. टाचणीवरची चिठ्ठी कधी काढायची नसते, नवी तिच्याखाली लावायची. शिकवलंय ना मी?"

मालविका रडता रडता हसली. मला टाचणीसकट अलगद उपसून तिनं नवी चिठ्ठी खालून ओवली.

कधी ही पेटी उघडलीत, तर खालचं नाव वहीत उतरवून घ्या, तेच खरं. पण वरचंही एकदा मोठ्यानं वाचा. मला ते ऐकायला आवडतं.