यांची पहिली नोकरी

लेकीने बॅगा शिवायचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार मशिनी आणि कापडं बेतायचं एक लांब टेबल. तरी मी कारखानाच म्हणणार. माझी लेक आहे.

पहिलं भांडण झालं ते पगारावरच्या कराच्या नोंदणीवरून. माणसं कामाला ठेवायची तर मालकाने आधी सरकारदरबारी नोंदणी करायची, कामगारांची नावं द्यायची आणि दर महिन्याला त्यांच्या पगारातून कर कापून भरायचा. लेकीने मशीनवरच्या दोन बायकांची नावं लिहिली. तिसरं नाव लिहिलं आपल्या वडिलांचं.

हे भडकलेच. "पोरीकडून पगार घेऊ? बाप आहे मी तुझा. फुकट येईन."

"मग येऊच नका," लेक म्हणाली. "माझ्याकडे फुकट कुणी राबणार नाही."

हट्टीपणात दोघं एका माळेचे मणी. शेवटी मीच दोघांना कार्यालयात घेऊन गेले.

खिडकीतल्या बाईंनी यांना विचारलं, "आधीच्या नोकरीचा नोंदणी क्रमांक?"

"नाही."

"म्हणजे याआधी काम करत नव्हतात?"

"चाळीस वर्षं केलं की! बॅगाच शिवल्या." यांनी आजवरच्या तिन्ही मालकांची नावं सांगितली.

बाईंनी संगणकात शोधलं. मालक सापडले, हे कुठेच नव्हते. "तुमची कुणी नोंदच केली नाही, काका," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांनी शिवलेल्या बॅगा घेऊन निम्मं शहर प्रवासाला गेलं असेल, आणि हा माणूस कुठेच नाही?  हे मात्र अर्ज स्वतःकडे ओढून म्हणाले, "सही कुठे करायची?"

"काम काय लिहू? मदतनीस?" बाईंनी विचारलं.

"मुख्य कारागीर," लेक म्हणाली. यांनी खिशातला रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसले.

आता आमचे हे म्हणजे पक्के चिक्कू. भाजीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतील. पहिल्या पगारातून कर कापलेला बघून घर डोक्यावर घेणार, असं मी धरूनच चालले होते. तर हे पगाराची पावती घेऊन शेजारी! "बघा, माझा कर कापला," म्हणत दारोदार मिरवून आले.

परतताना जिन्यात यांचा जुना सोबती भेटला. "काय करतोस हल्ली?" त्याने विचारलं. या प्रश्नावर यांचं उत्तर इतकी वर्षं ठरलेलं होतं, "शिवतोय कुठेतरी." आज मात्र म्हणाले, "नोकरी करतो. लेकीच्या कारखान्यात."

"कधीपासून?"

लग्नाची तारीख या माणसाला अजून मला विचारावी लागते. ही तारीख मात्र यांनी वारासकट सांगितली.