कर्व्हच्या आधीचा गुडघा

बेसबॉलमध्ये पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात गेला की गावाला ते त्याच्या आधी कळतं. ऑरिन टटलचा हात गेला, असं न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे म्हणत होते आणि सगळ्यांत मोठ्याने मी. मी त्याचा कॅचर: कोणता चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणवायचं आणि आलेला झेलायचा. अकरा वर्षं कान्ससच्या धुळीत बॅटरच्या पायाशी असते त्या प्लेटमागे उकिडवा बसून काढलेली. त्यामुळे पिचरमधलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा ठाम समज होता.

ऑरिनकडे चेंडू तीन. एक फास्टबॉल, त्याचा वेग जरा उतरलेला. दुसरा चेंजअप: हात तसाच जोरात फिरायचा, चेंडू मात्र रमतगमत यायचा. आणि तिसरा कर्व्ह. छातीच्या उंचीवर येतोय म्हणून बॅट फिरवावी, तर हा खाली मातीत. त्या कर्व्हवर त्याचं घर चालत होतं. पण तीन आठवडे झाले, समोरचा प्रत्येक बॅटर तो आधीच ओळखत होता. खाली पडणारा निवांत सोडून द्यायचा, जरा वर राहिला की बदडायचा. रोज सामना संपला की ऑरिन बर्फाच्या बादलीत कोपर घालून बसायचा आणि मी त्याला सुनावायचो, "मनगट वळत नाही तुझं. आळशी झालायस!"

रविवारी सकाळी मॅनेजर प्रूइटने त्याला सांगून टाकलं, "आज नवातल्या पाच इनिंग काढ. नाही जमलं तर उद्याच्या बसने घरी."

चौथी इनिंग संपेपर्यंत तीन धावा गेल्या होत्या. मी बाकाकडे परत निघालो, तर प्लेटमागच्या जाळीला चिकटून ऑरिनची बायको व्हर्ना उभी.

"एमेट, इकडे ये. तीन आठवडे तुझी पाठ बघतेय मी. फास्टबॉल असला की तू चवड्यांवर बसतोस. कर्व्ह असला की ऑरिनने हात उचलायच्या आत तुझा उजवा गुडघा जमिनीला टेकतो."

"काहीतरीच!"

"आणि तो टेकला की तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला समोरच्या संघाचा कोच बॅटरला नावाने हाक मारतो. एरवी नुसत्या टाळ्या वाजवतो. कान आहेत ना तुला?"

कान होते. ती हाक मीही ऐकत होतो आणि नुसता गोंगाट समजत होतो. गुडघ्याचं तर मला चांगलंच ठाऊक होतं. जूनमध्ये तो सुजला, तेव्हापासून मातीतला चेंडू अडवायला ऐनवेळी खाली जाणं जमेना, म्हणून मी आधीच टेकत होतो. कुणाला बोललो नव्हतो. लंगड्या कॅचरला कोण ठेवतो? पण ते सगळ्यांना दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 

बाकावर जाऊन मी ऑरिनला सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. मारलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"म्हणजे माझा हात ठीक आहे?" त्याने विचारलं.

"ठणठणीत."

"आणि मनगट?"

"मनगटही."

त्याने टोपीत तोंड खुपसलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, कळेना. त्याने वर बघितलं तर दोन्ही. "तीन आठवडे, गाढवा! सासऱ्याच्या दुकानात खिळे विकायची तयारी केली होती मी!"

पाचव्या इनिंगला त्यांचे दोघं बाद झाले, तिसरा गेला की इनिंग संपणार, पण दोन बेसवर त्यांचे दोन गडी येऊन बसले. समोर केसल, त्यांचा सगळ्यात दांडगा बॅटर. प्रूइटने ऑरिनच्या जागी आणायला दुसऱ्या पिचरला उठवलं होतं.

मी कर्व्हची खूण केली आणि दात आवळून चवड्यांवरच राहिलो. कोचच्या टाळ्या वाजल्या. केसलने फास्टबॉल समजून बॅट फिरवली ती हवेतच. चेंडू मातीत पडला, मी आडवा होऊन छातीवर घेतला. गुडघ्यातून कळ आली, ती डोक्यापर्यंत गेली. पुन्हा कर्व्ह, पुन्हा टाळ्या, पुन्हा हवा. केसल कोचकडे खाऊ की गिळू असं बघायला लागला.

मग मी फास्टबॉलची खूण केली आणि गुडघा टेकला. अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा.

"चल रे केसल!" कोच ओरडला.

केसल कर्व्हची वाट बघत राहिला. चेंडू माझ्या हातमोज्यात आला, तेव्हा त्याची बॅट खांद्यावरच होती. तिसरा स्ट्राइक, केसल बाद, इनिंग संपली.

एवढं हायसं मला माझ्या लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आत आल्यावर प्रूइटने ऑरिनच्या पाठीत थाप मारली. "काय रे, हात परत आला वाटतं?"

माझी मान खाली गेली. आता माझं नाव निघणार.

"गेलाच नव्हता," ऑरिन म्हणाला. "एक बारीक चूक होत होती. एमेटने शोधून दिली."

प्रूइट पुढे गेला. ऑरिनने आपली बर्फाची बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

"घाल त्यात गुडघा," तो म्हणाला. "अजून चार इनिंग आहेत."