न विसरणाऱ्या पट्ट्या

“थांब, एवढ्यात बंद करू नकोस,” काका दारातूनच म्हणाले, तेव्हा कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मशीनबाईंचा अंगठा बटणावर होता.

काका म्हणजे संस्थेचे विश्वस्त. सगळी कचेरी त्यांना काका म्हणायची आणि तेही सगळ्यांना पुतण्यांसारखं वागवायचे, म्हणजे चहा पाजायचे आणि हवं ते करून घ्यायचे. संस्था घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी. कोणती बाई कुठे राहते आहे, हे या खोलीतल्या म्हाताऱ्या यंत्रात होतं. यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं, म्हणून त्याच्या मेमरीच्या पट्ट्या काढून आज नव्या इमारतीतल्या यंत्रात बसवायच्या होत्या.

साधी मेमरी वीज गेली की सगळं विसरून मोकळी होते. या पट्ट्या तशा नव्हत्या. खिशात घालून गावभर फिरवल्या तरी सगळं ध्यानात ठेवणाऱ्या. म्हणून मशीनबाईंनी त्यांना सांकेतिक कुलूप घातलं होतं. यंत्र बंद झालं की पट्ट्या तोंड मिटणार आणि यंत्रातली किल्ली आपोआप पुसली जाणार. दुसरी किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये घालून व्यवस्थापक बसने पुढे गेले होते. पट्ट्या आणि किल्ली एका गाडीत बसवायच्या नाहीत, हा बाईंचा हट्ट. त्यावरून त्यांची भरपूर टिंगल व्हायची.

“आधी कुलूप काढ, मग बंद कर,” काका म्हणाले. “वाटेत माझ्या भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. थोडा वेळ पट्ट्या तिथे राहतील. मग मीच पोचवतो.”

“भाच्याला कशाला हव्यात?”

काकांनी खुर्ची ओढली. “हे बघ पोरी, तुझ्यापासून काय लपवायचं? माझी सून आहे यात. घरातलं भांडण, घरातच मिटलं असतं. मुलगा धड जेवत नाही. त्याला एकदा तिच्याशी बोलायचंय, बस्स.”

बाईंनी ती सून आली त्या दिवशी पाहिली होती. गाल सुजलेला, पाणीसुद्धा एका बाजूने पीत होती. तिने एकच विचारलं होतं, “इथे माझा पत्ता कोण वाचतं?” आणि बाई बोलून गेल्या होत्या, “कोणी नाही.” बोलून जायला काय लागतं?

“तिला बोलायचं असेल तर ती करेल फोन.”

“तुला इथे चिकटवलं कोणी? विसरलीस?”

“नाही विसरले, काका.”

“मग?”

बाई घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगायचं. घरी नवरा दम्याने बसून, नोकरी एवढी एकच. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. मुलगा जेवत नाही म्हणे! त्यांनी बटण दाबलं. पंख्याची घरघर मंदावत मंदावत थांबली.

“हे काय केलंस?”

“बंद केलं.”

काकांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि व्यवस्थापकांना लावला. व्यवस्थापक म्हणजे काकांपुढे उभ्या उभ्या अर्धा होणारा माणूस. सगळ्या नोकरीत त्यांनी ‘नाही’ म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

“ती किल्ली घेऊन असाल तिथून मागे फिरा.”

पलीकडे बसचा भोंगा वाजला. मग व्यवस्थापक म्हणाले, “काका, आवाज येत नाही हो. बसमध्ये आहे.”

“मला तर स्वच्छ ऐकू येतंय!”

“काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही, काका.” फोन ठेवला गेला.

बाईंना हसू फुटलं. ते त्यांनी आवरलंही नाही.

“उद्यापासून येऊ नकोस,” काका म्हणाले.

“बरं. आजचं काम तेवढं संपवते.”

त्यांनी यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, पट्ट्या कडेला धरून एकेक उपसल्या, चंदेरी पिशव्यांत घातल्या आणि काकांच्या खुर्चीला वळसा घालून निघाल्या.

नव्या इमारतीत व्यवस्थापक घामाघूम होऊन उभे होते. बाईंनी पट्ट्या पहिल्याच क्रमाने बसवल्या, त्यांनी किल्ली लावली. हिरवा दिवा लागला. यंत्राला सगळं आठवत होतं.

“ताई, मी आज चक्क खोटं बोललो.”

“छान जमलं. सराव ठेवा.”

व्यवस्थापक हसले, मग हळूच म्हणाले, “काकांना सुनेसाठीच हवी होती ना किल्ली? ती कुठे आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल ना?”

“नाही.”

“इतकी वर्षं सगळं तुमच्याच तर हातात होतं.”

“हातात होतं. वाचायला कधी घेतलं नाही.”

बाईंनी यंत्र उघडू शकणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव काढून टाकलं आणि दार उघडायचं गळ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं. व्यवस्थापकांनी काही बोलायला तोंड उघडलं. त्या थांबल्या नाहीत. खोलीचं दार त्यांच्यामागे आपसूक लागलं. बाहेरून ते आता त्यांना उघडता येणार नव्हतं. बाईंनी मागे वळून तळव्याने ते जोर लावून ढकललं. हललं नाही. मग त्या जिना उतरू लागल्या.