डॅशबोर्डमागची झडप

फुंकरने थंड केलेल्या गाडीत एकदा एक माशी शिरली आणि बाहेर आली ती पडसं घेऊनच, असं तो स्वतःच सांगायचा. कोणी हसलं की पुढची थाप तयार असायची. एका गिऱ्हाइकाने म्हणे सासूला मागच्या सीटवर बसवलं, तर घरी पोचेपर्यंत तिचा रागसुद्धा गोठून गेला. थापा मारणं हा त्याचा जोडधंदा. मुख्य धंदा मोटारींचे एसी आणि हीटर दुरुस्त करण्याचा. एक फुंकर मारल्यासारखी गाडी गार करतो म्हणून सगळे त्याला फुंकरच म्हणत. खरं नाव त्याच्या बहिणीला तेवढं आठवत असेल.

पण गाड्या खरंच गार व्हायच्या. दुसऱ्या गॅरेजात गॅस भरून आलेली गाडी गार व्हायला जो वेळ घेई, त्याच्या निम्म्यात फुंकरची गाडी दात वाजवायला लावी. लोक म्हणत, हाताला गुण आहे. गुण हाताला नव्हता, गोंदाला होता.

डॅशबोर्डच्या मागे, पंख्याच्या तोंडाशी, तळहाताएवढी एक झडप असते. एका बाजूला वळली की बाहेरची हवा आत घेते, दुसऱ्या बाजूला वळली की आतलीच हवा परत परत फिरवते. भर उन्हात बाहेरची तापलेली हवा गार करत बसण्यापेक्षा आतली अर्धी गार झालेली हवा पुन्हा गार करणं सोपं. एवढंच ते इंगित. फुंकर करायचा काय, झडप आतल्या बाजूला वळवायचा, कडेला गोंदाचा गोळा थापायचा आणि अंगठ्याने दाबून कायमची बंद करून टाकायचा. बाहेरचं बटण तसंच राही. ते फिरे, पण सेवानिवृत्त सासऱ्यासारखं. बोलायचं खूप, ऐकायचं कोणी नाही.

उन्हाळाभर त्याचा उदोउदो झाला. मग थंडी आली.

थंडीत हीटर लागतो. त्याला वेगळी शेगडी नसते. इंजिनाभोवती फिरून उकळायला आलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून जातं आणि पंखा त्या जाळीवरून हवा ढकलतो. फुंकरच्या गाड्यांत ही हवा तीच ती, माणसांच्या श्वासांनी ओली झालेली. ती जाऊन गार काचेला चिकटायची.

एका सकाळी दाजी गाडी घेऊन आले. दाजी म्हणजे फुंकरच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेजारी ताई शाल गुंडाळून खोकत बसली होती. लेकीकडे निघाले होते, डोंगरावरच्या वळणांच्या रस्त्याने.

"अहो मेव्हणे, काच सारखी धुरकटते," दाजी म्हणाले. "बटण बाहेरच्या हवेवर केलं तरी तेच. हिला खोकला, खिडकीही उघडता येत नाही."

गॅरेजात तेव्हा चार गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. फुंकरने त्यांच्याकडे एक नजर टाकली. आता डॅशबोर्ड उघडला तर गोंद दिसणार, आणि गोंद दिसला की हाताचा गुण गेला.

"दाजी, तुमचा श्वासच जाड झालाय," तो म्हणाला. "वजन कमी करा. तोवर काचेला आतून साबण चोळा, बघा कशी लख्ख राहते."

चौघे हसले. दाजीही हसले.

"ह्याच्या थापांवर जगायचं तर साबणाचं दुकानच काढावं लागेल," ताई म्हणाली आणि खोकली. गाडी निघून गेली.

फुंकरने पाना उचलला आणि खाली ठेवला. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, ते त्याला ऐकू येत नव्हतं. त्याने दाजींना फोन लावला. दाजी गाडी चालवताना फोन उचलत नसत, शिस्तीचा माणूस. ताईचा फोन तिच्या पिशवीत, पिशवी मागच्या सीटवर. सात वेळा वाजला.

शेवटी गिऱ्हाइकाचीच गाडी काढून तो मागे निघाला. चौथ्या वळणावर माणसं जमली होती.

दाजी जागीच गेले होते. ताईचा हात मोडला होता आणि त्या हाताच्या मुठीत ओला फडका होता. धडकेच्या क्षणापर्यंत काच पुसता पुसता ती म्हणत होती, "आता दिसतंय का?" आणि दाजी म्हणत होते, "थोडं अजून." समोरचा दगडी कठडा काचेतून दिसलाच नाही.

दहाव्या दिवशी ताई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती.

"बटण मीच उलटं फिरवलं असणार," ती म्हणाली. "ते सांगत होते, बाहेरची हवा घे. मला कुठं त्यातलं कळतं? माझ्यामुळे गेले ते."

"ताई, बटण फिरवून काही होणारच नव्हतं. झडप मी चिकटवली होती. सगळ्याच गाड्यांची चिकटवतो."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेत वाघ आला होता, असं सांगणाऱ्या भावाकडे पाहायची, तसंच.

"माझं मन राखायला आता हीही थाप का?" ती म्हणाली. "राहू दे रे. तू चांगला आहेस."

फुंकरला उभ्या आयुष्यात कोणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

तो उठला. मोडकी गाडी पोलीस चौकीमागच्या आवारात पडली होती. हवालदाराच्या हातापाया पडून त्याने डॅशबोर्डचा कप्पा काढला, आत हात घातला आणि झडप गोंदासकट उपटून आणली. ती ताईच्या मांडीवर ठेवली.

वाळलेल्या पिवळ्या गोंदात अंगठ्याचा ठसा होता आणि ठशातून एक तिरकी रेघ गेली होती. सहा वर्षांचा असताना फुंकरने टेबल फॅनमध्ये अंगठा घातला होता. परकराची चिंधी फाडून तो बांधणारी ताईच होती. त्या रेघेवरून तिने बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा.



"अशा किती गाड्या?" तिने विचारलं.

कुठल्याही आकड्याला दहाने गुणून सांगणारा फुंकर म्हणाला, "माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून ताई बसली. फुंकर एकेकाला फोन करून बोलावत होता. गाडी आली की ताईच्या देखत सांगायचा, मी काय केलं होतं आणि त्यानं काय झालं. कोणी शिव्या दिल्या. एकाने गाडीला हातच लावू दिला नाही, सरळ परत नेली. एकाने एवढंच विचारलं, "मग आता पूर्वीसारखी गार नाही का होणार?"

"नाही होणार," फुंकर म्हणाला.

झडपा मोकळ्या करून तो गोंदाची ढेकळं ताईच्या पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकत होता. प्रत्येकावर तीच तिरकी रेघ. ताई त्याच्याशी बोलत नव्हती. दुपारी डबा भरला, तेव्हा ती उठली आणि चांगल्या हाताने आतून दुसरा घेऊन आली.