शेजारीण जळो

"कुठलं औषध-बिषध चालू होतं का हिला?" आरोग्य केंद्रातल्या लुकुसा ब्रदरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"कसलं औषध हो! खाऊनपिऊन सुखी आहे पोर," कपिंगा म्हणाली. कमरेच्या कापडाची गाठ मात्र सारखी चाचपत होती.

खाटेवर तिची लेक बिलोंदा पडली होती. शनिवारी तिचं लग्न. कालपासून पोटात पाणी ठरत नव्हतं आणि आज सकाळी चुलीपाशी उठायला गेली ती कोसळलीच. मलेरिया म्हणून सलाईन लावलं, तर तपासणीत मलेरिया निघाला नाही. रक्तदाब चढायचं नाव घेत नव्हता.

पलीकडे नवऱ्यामुलाची आत्या, मुजिंगाबाई बसली होती. बसली म्हणजे बाक भरून बसली होती. आमच्या किन्शासात बाई अशीच लागते, गळ्याला वळ्या असलेली. बिलोंदाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिनंच नाक मुरडलं होतं. "लोक म्हणतील, आमच्या घरात खायला मिळत नाही."

म्हणून कपिंगानं त्या गोळ्या आणल्या. ती कसाव्याच्या कंदाचा क्वांगा विकायला बसते तिथून दोन हातांवर मिळतात. बायकांनी त्यांना नाव ठेवलंय 'शेजारीण जळो'. पावसाळाभर पोरीनं रोज घेतल्या. गाल भरले, अंग भरलं, मुजिंगाबाई हसली, लग्न ठरलं. काम झालं म्हणून गेल्या रविवारी कपिंगानं गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या संडासात टाकल्या.

आता तिची पंचाईत झाली. सांगावं तर लग्न मोडणार. फसवून पोर गळ्यात मारत होते म्हणून ही बाई वस्तीभर सांगत सुटणार. न सांगावं तर काय, हा विचार तिला पुरा करवत नव्हता.

"आई, थंडी वाजतेय गं," बिलोंदा डोळे न उघडता म्हणाली. भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली.

कपिंगानं तिच्या अंगावर कापड ओढलं. "गोळ्या होत्या," ती एकदम बोलली. "अंग भरायच्या. मीच दिल्या, मीच बंद केल्या. पोरीची काही चूक नाही."

मुजिंगाबाईकडे तिनं बघितलंच नाही.

"इतका वेळ तोंडात काय क्वांगा कोंबला होता?" लुकुसा ओरडला आणि सुई आणायला धावला. सुई देऊन झाल्यावर जरा निवळला. "मेंदू रोज आतल्या ग्रंथींना हाक घालतो. मग त्यांच्यातून एक रस पाझरतो. आजार येवो, उपास घडो, भीती वाटो, माणूस तग धरतं ते त्या रसावर. रक्तातली साखरही तोच राखतो. तुमच्या गोळीत तसलाच रस, ढिगानं. मेंदूला वाटलं, भरपूर आहे, कशाला ओरडा. तो गप्प बसला. तुम्ही गोळी तोडलीत, पण तो अजून गप्पच आहे."

"बोलेल ना पुन्हा?"

"हळूहळू. तोवर हीच गोळी रोज, मी सांगेन तशी कमी करत. मनानं बंद केलीत तर पोर हातची जाईल."

सकाळपर्यंत दाब चढला. बिलोंदानं पेज मागितली. कपिंगाचा जीव मात्र अजून टांगणीलाच होता, कारण लग्नाचा निकाल पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या मुजिंगाबाईच्या हातात होता.

"आमच्याकडच्या गोळ्या संपल्यात," लुकुसा म्हणाला. "बाहेरून आणा. लगेच."

कपिंगा उठली, तोच मुजिंगाबाईनं पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी काढून तिनं लुकुसापुढे धरली. त्यानं नाव वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हीच."

"भाऊ," एवढी मोठी बाई, पण हळूच म्हणाली. "कुणी आपल्या लग्नापासून घेत असेल तर? आता नातवंडं झालीत."

"एकही दिवस चुकवू नका, बाई. आणि उद्या मला येऊन भेटा."

कपिंगानं गोळी हातात घेतली. मुजिंगाबाईनं बिलोंदाचं डोकं उचलून धरलं, तेव्हा तिनं ती पोरीच्या जिभेवर ठेवली.

बिलोंदानं पेल्यातून पाण्याचा घोट घेतला. मग मुजिंगाबाईनं पट्टीतली दुसरी गोळी फोडली आणि भाचसुनेच्या हातातला तोच पेला घेतला.