मागची टाच

संध्याकाळी विनेश ऑफिसातून घरी आला, तेव्हा चहा झालेला नव्हता. बारावीतला सुयश मोबाइल घेऊन पलंगावर आडवा पडला होता.

"अनु कुठे आहे?"

"कराटेला."

"मग चहा?"

"ती आली की करेल ना," सुयश म्हणाला.

दोघांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांत वाटत नाही.

विनेश खुर्चीवर बसून राहिला. पंखा लावायचंही त्याला सुचलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची बायको प्रणाली गेली. तापाचं निमित्त झालं. श्रीवर्धनहून माणगावला नेलं, तिथून मुंबईला नेलं, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून त्याला रडू आलं नव्हतं की राग आला नव्हता. तो कामावर जायचा, परत यायचा, पुढ्यात येईल ते जेवायचा. अंगणात सुपारी वाळत घातलेली दिसायची. ती कोणी पसरली, कोणी गोळा केली, हे तो विचारत नसे. घर चाललं होतं एवढं त्याला पुरत होतं. घर चालवत होती अनुया. ती नववीत होती.

शेजारच्या अंबिकाकाकू वालाच्या बिरड्याचं भांडं घेऊन आल्या.

"अनु नाही आली अजून? अजून जाते ती त्या कराटेला?" त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. "पोर गुणाची हो. आईची उणीव म्हणून भासू देत नाही. पण विनेश, आता हे हातपाय झाडणं पुरे कर. दिवेलागणीच्या वेळी घरात बाईमाणूस नको?"

"हं," विनेश म्हणाला.

थोड्या वेळाने अनुया आली. अंगावर कराटेचे पांढरे कपडे, बाह्यांना वाळू लागलेली. ती पाय धुऊन थेट ओट्यापाशी गेली. "बाबा, दोनच मिनिटं हं."

विनेश तिच्या पाठीकडे बघून म्हणाला, "अनु, क्लास आता बंद करू. पुढच्या वर्षी दहावी आहे. घरही आहे."

तिने आधण ठेवलं. "रविवारी परीक्षा आहे बाबा. ब्राउन बेल्टची."

"ती दे. मग पुरे."

"बरं," ती म्हणाली. तिने दूध गॅसवर ठेवलं. दूध उतू गेलं ते मात्र तिला दिसलं नाही. आईच्या मागे तिचं स्वतःचं म्हणून जे काही उरलं होतं, ते हा क्लास एवढंच होतं. ते विनेशला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. क्लास बंद करतोय हे शिक्षिकेला सांगायला विनेश समुद्रावर गेला. साक्षी मॅडम एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि संध्याकाळी कराटे शिकवायच्या. ओहोटी असली की त्या मुलांना ओल्या वाळूवर उतरवत. मुलं रांगेत उभी होती. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, पाठ सरळ, नजर समोर. मॅडम आकडा म्हणाल्या की सगळी एक पाऊल पुढे सरकत आणि ठोसा मारत.

"या, अनुयाचे बाबा. जरा थांबा, हे बघून जा."

त्या एका लहान मुलीपुढे गेल्या. "आरोही, पवित्रा घे." त्यांनी तळहाताने तिचा खांदा दाबला. मुलगी जागची हलली नाही. मग त्या अनुयापुढे आल्या. तेवढाच हात, तेवढाच जोर. अनुया एक पाऊल मागे गेली.

"उंचीला ही दुप्पट आहे त्या पोरीच्या," मॅडम म्हणाल्या. "आता खाली बघा."

विनेशने पाहिलं. आरोहीच्या मागच्या पायाचा ठसा वाळूत पूर्ण उमटला होता. अनुयाच्या मागच्या पायाची नुसती बोटं उमटली होती. टाचेच्या जागी वाळू सपाट होती.

"ठोशाचा जोर हातात नसतो. तो मागच्या टाचेपासून निघतो, कमरेतून वर येतो. टाच सुटली की सगळं सुटलं. गेल्या वर्षी या वर्गात हिचा पवित्रा सगळ्यांत पक्का होता. पावसाळ्यानंतर टाच उचलायला लागली."

"जमत नसेल तर सोडलेलंच बरं, मॅडम. मी तेच सांगायला आलो होतो."

"जमत नाही असं कोण म्हणालं?" मॅडमनी मुलांना पाणी प्यायला पाठवलं आणि त्या जवळ आल्या. "मी विचारलं तिला. म्हणते, कधी उचलली जाते ते कळतच नाही. अहो, जो पाय सतत उठायच्या तयारीत असतो, त्याची टाच टेकत नाही. इथे तर तिला कोणी हाक मारत नाही. मग ती कोणाच्या हाकेची वाट बघत असते?"

विनेशला ते बोलणं आवडलं नाही. "आमच्या घरात तसलं काही नाही हो. आमच्याकडे बायका मागून जेवत नाहीत. पहिल्यापासून सगळे एकाच पंगतीला बसतो."

"चांगली गोष्ट आहे. मग आज जेवताना तिच्या पायांकडे बघा. वर्गात मी तासभर असते, बाकीचा दिवस ती घरी असते. उभं राहायला माणूस घरातच शिकतो. मी फक्त दुरुस्ती करते. आणि तुम्हाला क्लास बंद करायचा असेल तर करा, पण टाच उचलते म्हणून करू नका."

रात्री तिघं स्वयंपाकघरात जेवायला बसले. अनुयाने तांदळाच्या दोन भाकऱ्या वाढल्या, तिसरी तव्यावर टाकली आणि ओट्याच्या जवळच्या पाटावर बसली. विनेशने पाहिलं. तिने एक पाय दुमडला होता, दुसरा गुडघा वर होता. त्या पायाची टाच जमिनीपासून वर होती.

"अनु, पाणी," सुयश म्हणाला.

ती उठली, पाणी दिलं, बसली. टाच वर.

"मीठ राहिलं बघ."

ती उठली. येताना भाकरी उलटली. बसली. एक घास घेतला.

"भाकरी करपतेय गं!"

ती उठली. कोणी ओरडून बोलत नव्हतं. कोणी वाईट वागत नव्हतं. तिच्या ताटातली आमटी गार होऊन वर साय धरत होती.

"अनु," विनेश म्हणाला, "तू अशी का बसतेस?"

"अशी म्हणजे?"

"टाच उचलून."

तिने स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहिलं. "पटकन उठता येतं. आई पण अशीच बसायची ना."

विनेश आठवायला लागला. प्रणाली जेवायला मांडी घालून बसलेली कधी पाहिली होती? सणाला, नाही. साध्या दिवशी, नाही. मग एकदा आठवलं. मुंबईच्या हॉस्पिटलात, कॉटवर, पेज पिताना. तिथे ती मांडी घालून बसली होती. "बरं वाटतंय," असं म्हणाली होती. त्याला तेव्हा वाटलं होतं, ताप उतरला असेल.

एका पंगतीला बसतो! किती सहज सांगून आला होता तो! पंगत एक होती खरी, पण त्या पंगतीत एक माणूस इतकी वर्षं कधी बसलंच नव्हतं! आणि आता त्याच पाटावर पोरगी!

तो उठला. "अनु, माझ्या जागेवर बस. मी भाकऱ्या टाकतो."

"तुम्ही?" सुयशचा घास तोंडाशीच थांबला.

"हात ओला ठेवा बाबा, नाहीतर पीठ चिकटेल," अनुया अर्धी उठत म्हणाली.

"बस तू."

ती बसली. पुन्हा उठायला गेली. "बस म्हटलं ना!"

पहिली भाकरी थापताना फाटली. सुयशने ती ताटात घेऊन फिरवून पाहिली. "बाबा, ही मुरुडच्या किल्ल्यासारखी दिसतेय. चारी बाजूंनी पाणी शिरलंय."

अनुया हसली. घरात कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

विनेश तिच्या पाटावर बसला, तिच्यासारखाच, एक गुडघा वर करून. उठला, बसला, पुन्हा उठला. त्याचं जेवण गार झालं. थोड्या वेळाने पाय बधिर झाला. पाय सरळ केल्यावर झिणझिण्या आल्या आणि चांगलंच दुखलं. तो पाय धरून तसाच बसला. प्रणाली गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी दुखलं होतं.

"काय झालं बाबा?" अनुयाने विचारलं.

"काही नाही. क्लास बंद करायचा नाही. कळलं? आणि सुयश, उद्यापासून संध्याकाळचा चहा तुझा."

"माझी बारावी आहे!"

"चहाला बारावी लागत नाही. तुझ्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती, उत्तम चहा करायची."

रविवारी परीक्षा झाली. एका रात्रीत पाय बदलत नाहीत. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांसमोर अनुयाची टाच दोनदा उचलली गेली आणि तिला बेल्ट मिळाला नाही. तीन महिन्यांनी परत या, असं त्यांनी सांगितलं.

ती विनेशपाशी आली आणि घाबरत म्हणाली, "बाबा, अजून तीन महिने क्लास लागेल."

"लागू दे. पुढेही लागू दे."

तेव्हा ती रडली. बेल्ट गेला म्हणून नव्हे, हे विनेशला कळलं.

घरी आले तर अंगणात अंबिकाकाकू सुपारी चाळवत होत्या. "आलीस गो? बरं झालं. आत मासे ठेवलेत निवडून, तेवढं कालवण टाक." मग विनेशकडे वळून म्हणाल्या, "खरंच रे, या पोरीने प्रणालीची उणीव भासू दिली नाही."

विनेश पायरीवर थांबला. "भासू दे काकू."

"म्हणजे?"

"ती गेली आहे. तिची उणीव भासायलाच हवी. चहा नसला की भासेल, भाकरी फाटली की भासेल. ती मला आणि सुयशला भासू दे. ती झाकायला मी पोरीला वाकवत होतो." तो आत गेला आणि मासे धुवायला घेतले.

काकूंनी हातातली सुपारी खाली टाकली. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाल्या, "मेल्या, हळद आधी लाव," आणि बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या.

दोन महिन्यांनंतरची एक रात्र. तिघं जेवत होते. ओट्यावर सकाळसाठी चवळी शिजत होती. कुकरची शिट्टी झाली. अनुयाचा गुडघा हलला, पण ती उठली नाही. दुसरी शिट्टी झाली.

"सुयश," ती म्हणाली, "तिसरीला गॅस बंद कर."

"जातो गं," म्हणत तो उठला. अनुया मांडी घालून जेवत राहिली. तिची आमटी गरम होती.

मित्रहो, मुलींनी स्वतःचं रक्षण करावं म्हणून आपण त्यांना कराटे शिकायला पाठवतो, आणि घरी आल्या की त्यांना एका हाकेवर उठायला शिकवतो. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. पाय रोवून उभं राहायचं बळ ज्या घरात मिळत नाही, त्या घरातल्या मुलीला ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही. आई गेली तर तिची जागा मुलीने भरायची नसते. काम सगळ्या घराचं असतं, ते सगळ्या घराने करायचं असतं. आणि आई असेल, तर तिच्या हयातीतच करायचं असतं.

आज जेवायला बसाल तेव्हा ताटाआधी आपल्या घरातल्या पायांकडे एकदा बघा. कोणाची टाच उचललेली दिसली, तर तुम्ही उठा.