शेऱ्याचा रकाना

उपकेंद्रातून फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. विद्यापीठाची सगळी संगणकव्यवस्था नवी होणार होती. नवी केबल, नवे सर्व्हर, सगळ्या ग्रंथालयांची मिळून एकच सूची. त्यात रेवस रस्त्यावरचं आमचं उपकेंद्रही होतं. जुन्या सूचीतल्या काही नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि त्या ज्यांनी केल्या त्यांच्यापैकी जवळपास राहणारा मी एकटाच उरलो होतो.

"माझ्या हातून चुका होतील," मी संचालकबाईंना म्हणालो. यात विनय नव्हता. चुकांचा मला चांगला अनुभव आहे.

"मुंबईच्या मुख्य ग्रंथालयाची जुनी प्रत सापडलीय, लिमये सर. ती आणि आपली शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कुठली बरोबर ते तुम्ही सांगायचं. एवढंच."

मग म्हणालो, उद्या दहाला येतो.

मुंबईची प्रत सापडली नसती तर मी गेलो नसतो. का ते सांगायचं तर शहाण्णव साली जावं लागेल.

तेव्हा आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. टेलिफोन एकच, तोही कार्यालयात, आणि आलेलं प्रत्येक पत्र आवक-जावक कारकून फोडून वाचत असे. पुस्तकांची सूची मात्र संगणकावर होती, आणि मुख्य ग्रंथालयाशी ती जुळवून ठेवायची होती. ते काम फ्लॉपी करायची. दर शनिवारी आमचे शिपाई भागोजी फ्लॉपी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खारं पाणी लागू नये म्हणून जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून, रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जात. संध्याकाळी त्याच डब्यात मुंबईची फ्लॉपी घेऊन परत येत. आठवड्यात ज्या नोंदींत बदल झाला असेल तेवढ्याच जात. प्रत्येक नोंदीखाली 'बदल' असा चौकोन होता. त्यात 'हो' केलं तर नोंद फ्लॉपीवर चढे, नाहीतर आमच्याकडेच राही.

नोंदीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात 'पान १४ फाटलेले' असलं काही लिहायचं. मुंबईला सूचीचं काम कुमुद वर्तक बघायच्या. आम्ही त्यांना वर्तकबाई म्हणायचो. एकदा त्यांनी एका शेऱ्यात लिहिलं, 'मुखपृष्ठ वाळवीने खाल्लेले. वाळवीची आवड चांगली दिसते.' मी दोन दिवस विचार करून पुढच्या शनिवारी लिहिलं, 'आमच्याकडची वाळवी फक्त पाठ्यपुस्तके खाते.' तिथून सुरू झालं. दीड वर्ष आम्ही दर आठवड्याला एका पुस्तकाच्या शेऱ्यात एकमेकांना लिहीत होतो. फार काही नाही. त्यांच्या खिडकीतून दिसणारं घड्याळ बंद पडलं. माझ्या वाडीत नारळावर भुंगा पडला. एकदा मी भागोजींबरोबर पांढऱ्या कांद्यांची एक माळ पाठवली. दुसरं काय पाठवावं हे मला सुचलं नव्हतं. उत्तर आलं, 'माळ पोचली. संदर्भ विभागात वास सुटला आहे. विभागप्रमुख चौकशी करत आहेत. मी गप्प आहे.'

त्यांना मी प्रत्यक्ष दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा प्रशिक्षणात, आणि दोन्ही वेळा मी शेवटच्या रांगेत होतो.

मार्चमध्ये मी एका शेऱ्यात लिहिलं, 'रविवार, २४ रोजी रेवसला याल का? सकाळच्या लाँचला मी धक्क्यावर असेन.' आठवडाभर त्या चौकोनात मी 'हो' करत होतो आणि पुन्हा 'नाही' करत होतो. शनिवारी भागोजी दारात येऊन म्हणाले, "साहेब, लाँच काय तुमच्यासाठी थांबनार न्हाय." मी घाईने फ्लॉपी काढून दिली.

पुढच्या शनिवारी वर्तकबाईंची फ्लॉपी आली. संगणक विचारायचा, 'या नोंदीत शेरा आहे. घ्यायचा का?' मी 'नाही' दाबलं. नकार असला तर तो पडद्यावर वाचायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर काय ते कळलंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून शेवटच्या लाँचपर्यंत रेवसच्या धक्क्यावर होतो. त्या आल्या नाहीत.

त्यानंतरही दर शनिवारी संगणक विचारत राहिला आणि मी 'नाही' दाबत राहिलो. एकूण अकरा वेळा. कीव केली असेल, किंवा रागावल्या असतील, किंवा सभ्य शब्दांत समज दिली असेल, असं मला वाटायचं. बाराव्या शनिवारी शेराच नव्हता. त्या अकरा शेऱ्यांत काय होतं हे मला एकोणतीस वर्षं माहीत नव्हतं, आणि रोज नाही, पण पुष्कळदा मी त्याचा विचार केला आहे. ते आता फक्त मुंबईच्या प्रतीत होते.

कामाला कल्पिता नावाची इंजिनिअर होती. उरणकडची. आजोबा मिठागरात, वडिलांचे बंदरावर ट्रेलर, आणि ही विद्यापीठाचे सर्व्हर हलवत फिरत होती. तिचा सहकारी विनेश बाहेर शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडत होता. सगळ्या ग्रंथालयात विटांची धूळ उडाली होती.

"सर, सिंपल हाय," कल्पिता म्हणाली. "डावीकडे मुंबई, उजवीकडे तुमचं. जे बरोबर त्याच्यावर मी क्लिक मारनार. तीनशे बारा नोंदी हायेत. शुक्रवारी जुना सर्व्हर बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे भंगारात, सर."

"आणि जी बाजू आपण निवडणार नाही ती?"

"ती गेली."

पहिले दोन दिवस पानांची संख्या, प्रकाशनाची वर्षं आणि लेखकांची आडनावं यांत गेले. मी प्रत्येक उत्तर देताना "बहुधा" म्हणायचो. शेवटी ती म्हणाली, "सर, बहुधाचं बटन न्हाय माझ्याकडे." मी माफी मागितली. "अवो, मस्करी करते मी," असं म्हणून तिने मला अर्धा वडापाव दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आंब्यावरच्या रोगांचं एक पुस्तक आलं. उजवीकडे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. डावीकडे लिहिलेलं कल्पिताने मोठ्याने वाचलं.

"'पाने २१२ की २२१? आणि गेल्या खेपेला आपला शेरा नव्हता. ताप आला आहे का?' हे काय, सर? असं लिवायचे तेव्हा?"

आपला शेरा नव्हता. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तारीख २३ मार्चची होती.

"कल्पिता," मी म्हणालो, "एक नोंद शोधता येईल का? आपल्याच बाजूची. खाडीतल्या माशांवरचं पुस्तक आहे."

तिने शोधलं. उजवीकडे माझा प्रश्न होता, तसाच. रेवसला याल का. डावीकडे काही नव्हतं. खाली 'बदल' या चौकोनात 'नाही' होतं. त्याच्या शेजारी 'रवानगी' नावाचा रकाना होता. फ्लॉपीवर नोंद चढली की त्यात आपोआप तारीख पडायची. तो कोरा होता.

कल्पिताने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पोरगी हुशार होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"हे गेलंच न्हाय, सर."

"हो."

"मग तुम्ही धक्क्यावर... गेलता?"

"हो."

"आरे देवा," ती हळूच म्हणाली. मग तिने मला न विचारता वर्तकबाईंचे बाकीचे शेरे शोधून काढले आणि तारखेने ओळीत लावले. "मी बाहेर जाते. विनेशच्या केबलचं बघते. तुम्ही वाचा."

"थांब," मी म्हणालो. "मला एकट्याला नाही जमणार."

ती थांबली, पण खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या शेऱ्यात होतं, 'भागोजींना विचारले. म्हणाले, साहेब बरे आहेत, फक्त जेवत नाहीत. असे करू नये.' तिसऱ्यात, 'कांद्यांबद्दल थट्टा केली ती आवडली नसेल तर मागे घेते. कांदे फार चांगले होते.' चौथ्या-पाचव्यात घरचं काहीबाही होतं, भावाची बदली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सहाव्यात फक्त, 'पाने २१२ की २२१, हे तरी कळवावे.' सातव्यात त्यांनी एका पुस्तकातला उतारा टिपला होता आणि पुढे लिहिलं होतं, 'आपल्याला आवडेल असे वाटले. नसेल तर राहू दे.'

आठवा मी दोनदा वाचला. 'रविवारी भाऊच्या धक्क्यावर गेले होते. रेवसची लाँच लागलेली होती. तिकीट काढले नाही. कोणी बोलावल्याशिवाय जायचे कसे, आणि जाऊन सांगायचे काय?'

तारीख ११ मेची होती. त्या रविवारी मी घरीच असणार. वाचत असणार. मी नेहमी वाचतच असतो.

नववा आणि दहावा फार थोडके होते. अकरावा असा होता. 'यापुढे हा रकाना कामापुरताच वापरीन. त्रास झाला असल्यास क्षमस्व. कु. व.'

बाहेर विनेशचं ड्रिल थांबलं. मला वाटलं होतं की उत्तर कळलं की मोकळं वाटेल. मी इतकी वर्षं समजत होतो की मी विचारलं आणि नाकारला गेलो. त्यात निदान एक प्रकारचा मान होता. मी विचारलंच नव्हतं, आणि विचारत त्या होत्या, आणि 'नाही' मी दाबत होतो.

"काय करायचं, सर?" कल्पिता खिडकीकडे बघत म्हणाली. "डावं की उजवं?"

"या अकरांना डावं. सगळ्यांना."

"आणि तुमच्यावाल्याला?"

"तिथेही डावं. कोरं."

ती वळली. "का? तुम्ही लिवलं ते खरंच व्हतं ना?"

"लिहिलं होतं. पाठवलं नव्हतं. सूचीत खोटं राहायला नको."

तिने क्लिक केलं, आणि माझा प्रश्न गेला. मला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला.

मग तिने दुसरी एक खिडकी उघडली. नव्या व्यवस्थेत निवृत्त झालेल्या सगळ्यांनाही ई-मेलचे पत्ते दिले होते, ते मला माहीत नव्हतं. माझाही एक होता, न उघडलेला. तिने यादीत नाव घातलं. वर्तक, कुमुद. ग्रंथालय, मुख्य. निवृत्त. शेजारी हिरवा ठिपका होता.

"हिरवा म्हणजे काय?"

"खातं चालू हाय. त्या वापरतात, सर. परवाच उघडलेलं."

परवा. म्हणजे परवा त्या कुठेतरी टेबलाशी बसल्या होत्या, चष्मा लावून बहुधा. त्यांचं आडनाव तेच होतं. त्यावरून काही समजायचं नसतं, हे मला कळतं. तरी मी ते आडनाव बराच वेळ पाहत राहिलो.

"लिवा," कल्पिता म्हणाली. "मी न्हाय बघत."

मी पाऊण तास लिहिलं आणि सगळं पुसलं. त्यात खुलासा फार होता आणि मी फार होतो. मग त्यांचे शेरे समोर ठेवले आणि क्रमाने उत्तरं लिहिली.

'१. पाने २१२. २२१ ही माझी चूक. ताप नव्हता. २. त्यानंतर जेवू लागलो. ३. कांद्यांची थट्टा आवडली होती. मागे घेऊ नये. ४. भावाची बदली कुठे झाली? ५. आईंचे डोळे बरे झाले का, हे तेव्हाच विचारायला हवे होते. ६. वर क्र. १ पाहावे. ७. उतारा आज वाचला. आवडला. ८. बोलावले होते. २४ मार्चला. माझ्याकडून पाठवायचे राहिले, आणि मला ते आज कळले. मी दिवसभर धक्क्यावर होतो. आपले शेरे मी तेव्हा वाचले नाहीत, घाबरलो म्हणून. आज वाचले. ९, १०. वाचले. ११. त्रास झाला नाही. वि. लिमये.'

"पाठवू का मी?" कल्पिताने विचारलं.

"नको." मी ते बटण स्वतः दाबलं. मग तिला विचारलं, गेलं का. गेलं, ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. गेलं, सर. मी म्हणालो, त्यांनी वाचलं की नाही हे कळतं का?

"त्ये न्हाय कळत," ती म्हणाली. आणि तिने पुढची नोंद उघडली.

गुरुवारी काम संपलं. शुक्रवारी जुना सर्व्हर भंगारात गेला. शनिवारी माझं तिथे काहीच काम नव्हतं, पण माझ्याकडे बटणांचा फोन आहे आणि घरी इंटरनेट नाही, म्हणून मी सकाळी एसटीने उपकेंद्रात गेलो. ग्रंथालयाच्या दारावर विनेशने कागद चिकटवला होता. केबलचं काम चालू असल्यामुळे जोडणी दुपारी चारनंतर मिळेल, असं त्यावर लिहिलं होतं. मी घड्याळात पाहिलं. साडेदहा वाजले होते. आत कपाटं धूळ बसू नये म्हणून घातलेल्या चादरींखाली होती, तेव्हा वाचायलाही काही नव्हतं. मी बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि बसलो.